वस्तादांचा लाल ठिपका

नसरापूरला गाड्यांना साऊंड सिस्टीम बसवणाऱ्या ज्या दुकानात मी पदवीनंतर साडेतीन वर्षं काम केलं, तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या अ‍ॅम्पवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका असायचा. अ‍ॅम्पला गेनचा एक छोटा स्क्रू असतो, वाटाण्याएवढा. तो नेमक्या जागी लावून झाला की दुकानाचे मालक आगपेटीच्या काडीचं टोक बाटलीत बुडवायचे आणि स्क्रू आणि पत्रा दोन्हींना धरून बसेल असा ठिपका द्यायचे. वाळला की स्क्रू जागचा हलत नसे. कुणी मुद्दाम हलवलाच तर ठिपका फुटलेला दिसे. बाटली त्यांच्या बायकोची होती. त्या म्हणायच्या, "लग्नाला पंचवीस वर्सं झाली, माझ्या नखाला कधी लागलं न्हाई, जीपगाड्यांना लागतंय."

भोर-वेल्ह्याच्या भागात जुनी जीप किंवा पिकअप विकत घेताना लोक टायर बघायचे, स्प्रिंगचे पाटे बघायचे आणि गाण्याचा शौक असला तर विचारायचे, "ठिपका हाय का वस्तादांचा?"

त्यांना सगळेच वस्ताद म्हणत. मीही तेच म्हणतो.

मी पासलीचा. घरी भाताची खाचरं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. भोरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका बराच वेळ हातात धरली आणि मला विचारलं, "आता तुला काय म्हनायचं? डाक्टर म्हनायचं का?" नुसतं ग्रॅज्युएट म्हणतात, असं सांगितल्यावर त्यांचा थोडा विरस झाला. पण पुढं चार महिने ते एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला तेच सांगत राहिले.

नोकरी लागली नाही. पुण्यात एके ठिकाणी मुलाखत देऊन परत येताना नसरापूरला पासलीची गाडी चुकली. पुढची गाडी येईपर्यंत मी वस्तादांच्या दुकानासमोर उभा राहून बघत होतो. एका पिकअपच्या सीटखाली वायर ओढणं चाललं होतं. त्यांनी वर न बघता विचारलं, "कुठला रं तू? धर ही वायर." मी धरली. पासलीची पुढची गाडीही गेली तरी मी धरूनच होतो. संध्याकाळी ते म्हणाले, "उद्यापासनं ये."

त्या माणसाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी कमी करून सांगणार नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला त्यांनी मला मुभा दिली होती. दुपारी काम नसलं की मी गिऱ्हाइकाच्या गाडीत मागच्या सीटवर पुस्तक घेऊन बसायचो आणि कुणी हाक मारली तर वस्ताद म्हणायचे, "त्याला उठवू नका, वाचतोय." परीक्षेच्या आठवड्यात दुकानातला चहा ते स्वतः करायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी ओळख करून द्यायचे, "ह्यो आमचा ग्रॅज्युएट. फिजिक्सचा." गिऱ्हाईक हसायचं, "आन मग हितं काय करतोय?" वस्ताद म्हणायचे, "फिजिक्सच करतोय."

आता गेनबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

लोकांना वाटतं गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटन. तसं ते नाही. गाडीतल्या म्युझिक डेककडून अ‍ॅम्पकडे एक बारीक विद्युतलहर येते. ती किती पटींनी मोठी करायची हे गेन ठरवतो. अ‍ॅम्पची ताकद ठरलेली असते. गेन त्याच्यापलीकडे नेला की लहरीचं डोकं वर चढायला जागा उरत नाही आणि ते सपाट कापलं जातं. धंद्यात याला आवाज फाटणं म्हणतात. फाटलेला आवाज नुसता वाईट लागतो असं नाही. तो स्पीकरच्या तारेचं वेटोळं तापवतो. पहिले आठ दिवस काही होत नाही, मग एक दिवस जळक्या वार्निशचा वास येतो आणि स्पीकर मुका होतो.

हा फाटायचा बिंदू शोधायची रीत पुस्तकात दिलेली आहे. डेकचा आवाज पाऊण भागापर्यंत न्यायचा. बास, ट्रेबल शून्यावर ठेवायचे. स्पीकरच्या वायरी काढायच्या. पेनड्राईव्हवरून एक सलग सूर लावायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या तोंडाला लावायचा आणि गेन हळूहळू वाढवायचा. किती व्होल्टवर थांबायचं त्याचा हिशोब सोपा आहे. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. शंभर वॉटचा अ‍ॅम्प आणि चार ओहमचा स्पीकर असेल तर वीस. मीटरवर वीस दिसले की हात काढायचा.

वस्तादांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यांना त्याची गरज नव्हती. चौकात ट्रकांचा गोंगाट असतो म्हणून ते गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला न्यायचे, खाचरांच्या कडेला लावायचे. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन सीटखाली ओणवा. ते खाली उतरून वीस पावलं चालत बांधापर्यंत जायचे आणि गाडीकडे पाठ करून उभे राहायचे. एकच रेकॉर्डिंग लावायचे, त्यांच्या भोंगवलीच्या पथकाचं, ढोल आणि झांज. उजवा हात खांद्यावर घेऊन बोटानं खुणा करायचे. बोट वर, म्हणजे वाढव. मूठ, म्हणजे थांब. मूठ झाली की मी थांबायचो. मग अंगठा एकदा हलायचा. म्हणजे केसभर मागं.

"ढोलाकडं ध्यान द्यायचं न्हाई," ते मला सांगायचे. "ढोल सगळ्यांनाच आयकू येतो. झांज धर. झांजेच्या कडंला वाळू घासल्यागत झालं, की फाटलं."

सुरुवातीच्या दिवसांत मी त्यांच्या नकळत मीटर लावून बघायचो. कॉलेजातल्या आमच्या सरांनी निरोपाच्या वेळी प्रयोगशाळेतला एक जुना मीटर मला दिला होता. वस्तादांच्या मुठीनंतर मीटरवर साडेएकोणीस यायचे, कधी वीस. मी थक्क व्हायचो. एखाद्या माणसाच्या कानात वर्गमूळ काढायची सोय असावी, तसं ते होतं.

दोन वर्षं झाली असतील, तेव्हा जळलेले स्पीकर परत यायला लागले.

पहिला आला तेव्हा वस्तादांनी कंपनीला शिव्या घातल्या. दुसरा वेल्ह्याच्या एका वडापवाल्याचा, म्हणजे शेअर जीपवाल्याचा, होता. त्यानं स्पीकर काऊंटरवर आपटला. "वस्ताद, दीड म्हैना न्हाई टिकला. बायकूच्या भावाला निम्मी सीट दिली, पन स्पीकरला आख्खी जागा दिली. आन ह्यो असा!"

वस्तादांनी स्पीकरचा कागदी कोन नाकाला लावून वास घेतला. "माल डुप्लिकेट यायला लागलाय," ते म्हणाले. "तू पाणी तर न्हाई सांडलंस?"

"पाणी कशाला सांडीन? दारू बी सांडत न्हाई मी."

सगळे हसले. त्याला नवीन स्पीकर बसवून दिला. तो चहाला गेला तेव्हा मी ठिपका न मोडता अ‍ॅम्पच्या तोंडाला मीटर लावला. वीस पाहिजे होते. मीटर सत्तावीस दाखवत होता.

मला आधी वाटलं माझा मीटर बिघडला. नवी बॅटरी घातली. सत्तावीसच.

त्यानंतरच्या गाडीला मी सीटखाली ओणवा असताना नीट ऐकलं. मी स्क्रू फिरवत होतो. बांधावर वस्तादांचं बोट वर होतं. एका ठिकाणी झांजेच्या कडेला वाळू घासल्यासारखं झालं. अगदी त्यांनी शिकवलं होतं तसंच. मी हात थांबवला आणि काचेतून बघितलं. त्यांचं बोट अजून वरच होतं. अजून वर. मी फिरवला. आवाज उघड उघड फाटत होता, दाराचा पत्रा थरथरत होता. मग कुठं मूठ झाली.

तरीही मला खात्री पटली नव्हती, किंवा मला ती करून घ्यायची नव्हती. ती माझ्या एका चुकीनं झाली. एका बोलेरोत डॅशबोर्डच्या कोपऱ्यातले दोन छोटे स्पीकर, ज्यांना ट्वीटर म्हणतात, ते जोडायचे मी विसरलो. झांज, टाळ, घुंगरू, सगळा वरचा बारीक आवाज त्यातूनच येतो. खाचराजवळ गाडी लावली, रेकॉर्डिंग सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की झांज जवळपास नाहीच. नुसता ढोल आणि त्याच्यामागं काहीतरी कुजबुज. मी उतरून सांगणार, तेवढ्यात वस्ताद बांधावरून हसत आले. खिडकीत वाकून म्हणाले,

"आरं बघ की झांज! कशी चांदीवानी वाजतीय. आशी म्हैन्यात एखादीच गाडी जमती."

आणि खिशातून बाटली काढून त्यांनी ठिपका दिला.

परत येताना गाडी तेच चालवत होते आणि बोटांनी स्टिअरिंगवर झांजेचा ठेका धरत होते. ती झांज त्यांना आतून ऐकू येत होती, वर्षानुवर्षं ऐकल्यामुळं. बाहेर ती नव्हती. आवाज फाटतो तेव्हा जी वाळू घासते ती सगळी वरच्या पट्टीतली असते. ज्याच्या कानातून वरची पट्टी गेली त्याला फाटणं कळणारच नाही. तो वाढवतच राहणार. मला हे फिजिक्स येत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी घरी जाताना एसटीत वाक्यं जुळवत होतो. वस्ताद, एकदा कान दाखवून या. एवढंच. पण ते कान म्हणजे त्यांचं सगळं होतं. दुकानावर पाटी नव्हती, ठिपका होता. मी कोण, वायर धरायला आलेला, ज्याला त्यांनी पुस्तक वाचायला गाडी दिली. मी त्यांना सांगू की तुम्ही बहिरे होताय? मला ते कृतघ्नपणाचं वाटलं. आज वाटतं, त्या दिवशी मला भीती वाटत होती आणि मी तिला कृतज्ञता म्हणत होतो.

मी दुसरी वाट काढली.

गेन लावून गाडी दुकानात परत आली की वस्ताद गिऱ्हाइकाला घेऊन समोर चहाला जायचे. अ‍ॅम्पवर कव्हर बसवणं माझ्याकडे असायचं. त्याला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत मी ब्लेडनं ठिपका खरवडायचो, थिनरच्या बोळ्यानं जागा पुसायचो, मीटर लावून गेन वीसवर आणायचो आणि त्याच बाटलीतून, आगपेटीच्याच काडीनं, नवा ठिपका द्यायचो. वस्तादांचा ठिपका गोल असायचा आणि काडी उचलताना त्याला डावीकडे बारीक शेपूट राहायचं. ते जमेपर्यंत मी पुठ्ठ्यावर सराव केला. दोन आठवड्यांत मला तो हुबेहूब यायला लागला.

जळलेले स्पीकर यायचे बंद झाले. उलट लोक म्हणायला लागले की वस्तादांचा आवाज हल्ली फारच मोकळा लागतो. तो वडापवाला, ज्याचा गेन मी मागाहून असाच उतरवला होता, पेढे घेऊन आला. "आता गाडी बोलती बघा, वस्ताद! बायकूपेक्षा गोड."

"माल चांगला आला की हुतं सगळं," वस्ताद म्हणाले. त्या दिवशी ते इतके खूश होते, की मला माझं काम पुण्याचं वाटलं.

हे दीड वर्ष चाललं.

त्या दीड वर्षात मी काय काय बघितलं ते लिहिलं पाहिजे. वीस पावलांची दहा झाली. मग ते बांधापर्यंत जायचेच बंद झाले, बोनेटपाशी उभे राहायचे. मग खिडकीशी. शेवटी शेवटी मागचं दार उघडून ते वूफरच्या, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरच्या, खोक्याशेजारी बसायचे आणि कान खोक्याला लावायचे. दिवसाला दोन गाड्या, कधी तीन. मी सीटखाली असायचो. माझ्या कानात कापूस असायचा. तो मी त्या दीड वर्षाच्या पहिल्याच महिन्यात घालायला लागलो होतो, कारण त्या मोठ्या आवाजानं कान जातात हे मला समजत होतं. एकदा त्यांनी बघितलं आणि विचारलं, "सर्दी झाली का काय तुला?" मी हो म्हटलं. त्यांनी त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून, माझ्यासाठी तुळशीचा काढा करून आणला. मी तो प्यालो.

मग पिकअपचं झालं. भर दुपारी, दुकानाच्या दारातच. एक पिकअप काम होऊन मागं निघत होती. वस्ताद तिच्यामागं उकिडवे बसून खाली पडलेले स्क्रू गोळा करत होते. त्या पिकअपला मागं घेताना वाजणारा भोंगा आम्हीच आदल्या तासात बसवला होता, पीं-पीं करणारा. तो वाजत होता. पलीकडच्या टपरीवरची माणसं ओरडत होती. मी आतून धावलो. वस्ताद शांतपणे स्क्रू वेचत होते.

गाडी हळू होती म्हणून जीव वाचला. बंपरनं त्यांना पुढं ढकललं, ते हातावर पडले आणि उजवं मनगट मोडलं. ड्रायव्हर उतरला. भेदरलेला होता, त्यामुळं ओरडत होता.

"आवो, भोंगा वाजतोय की केवढ्यानं! बहिरं हाय का?"

टपरीवरचा एकजण म्हणाला, "तोंड सांभाळून बोल, वस्ताद हायेत ते." वस्ताद मनगट पोटाशी धरून माझ्याकडे बघत होते.

"भोंगा वाजत व्हता?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

"खरं सांग."

"वाजत व्हता, वस्ताद."

मनगटाला प्लॅस्टर घातलं तिथल्या डॉक्टरांनीच कान तपासायला पुण्याला पाठवलं. काकू आणि मी बरोबर गेलो. काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावून बसवलं आणि सूर ऐकू आला की बटन दाबायला सांगितलं. मी बाहेरून बघत होतो. सुरुवातीला बटन दाबलं जात होतं. मग ते नुसते बसून राहिले. पुढचा सूर येईल म्हणून वाट बघत. त्यांना कळत नव्हतं की सूर चालू आहेत.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. रेघ डावीकडे बरी चालली होती आणि मग तोरण्याच्या कड्यावरून सुटल्यासारखी सरळ खाली गेली होती. आवाजाच्या कामात हे होतं, ते म्हणाले. गेलेलं परत येत नाही. पण वेळेत कळलं असतं, काम थांबवलं असतं, निदान कानात काही घातलं असतं, तर उरलेलं बरंच टिकलं असतं. कधीपासून जाणवत होतं?

काकूंनी प्रश्न मोठ्यानं सांगितला. वस्ताद म्हणाले,

"मला तर कायच जाणवलं न्हाई, सायेब. कान गेला असता तर काम चुकलं असतं की. माझी एक गाडी परत आली न्हाई दीड वर्सात."

डॉक्टर म्हणाले, "तुमच्याबरोबर कामाला कोण असतं? त्यांच्या लक्षात नाही आलं?"

हे काकूंनी सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आलेखाकडे बघत होतो.

प्लॅस्टर असतानाच ते दुकानात येऊन बसायला लागले. हात गळ्यात, डोळे सगळीकडे. एक ओळखीची जीप आली, विकायची होती म्हणून अ‍ॅम्प काढून घ्यायचा होता. मी कव्हर काढलं. वस्ताद वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग डाव्या हाताच्या नखानं त्यांनी ठिपक्याच्या बाजूचा पत्रा चाचपला. थिनरनं पुसलेल्या जागी रंगाची चमक गेलेली असते. एक मळकट गोल राहतो. त्याच्या मधोमध माझा ठिपका होता, शेपटासकट.

दुपारी एक पिकअप किरकोळ कामाला आली, तिचंही कव्हर त्यांनी उघडायला लावलं. दुसऱ्या दिवशी वडापवाल्याला बोलावून घेतलं. तीन गाड्या. तिन्हींवर मळकट गोल.

"ह्ये तू दिलंस," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"कवापासनं?"

मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. वडापवाला शेजारी उभा होता, म्हणून मला मोठ्यानं म्हणवेना. शेवटी स्पीकरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. दीड वर्ष.

त्यांनी वाचलं. पुठ्ठा पालथा करून काऊंटरवर ठेवला.

"म्हंजी त्या दीड वर्सात म्या एक बी गाडी लावली न्हाई," ते म्हणाले. "सगळ्या तूच लावल्या. आन मला सांगितलं न्हाईस. स्पीकर जळत ऱ्हायलं असतं तर म्या गेलो असतो डाक्टरकडं. कवातरी गेलोच असतो. तू स्पीकर वाचवलंस."

वडापवाल्याला काही समजलं नव्हतं. तो म्हणाला, "वस्ताद, आवाज तर झकास हाय की."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नाही, कुणी ओल्या फरशीवरून पाय उचलावा तसे. "आता माझा ठिपका कुठल्या गाडीला लावू नगं," एवढं म्हणाले आणि शटरची किल्ली काढून हातात घेऊन बसले, मी माझी पुस्तकं उचलून निघेपर्यंत.

दुकान महिन्याभरात बंद झालं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मला पुढं खेड-शिवापूरकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात जागा मिळाली. मुलाखतीत त्यांनी विचारलं की मीटर कुठं शिकलात. मी दुकानाचं सांगितलं. ते खूश झाले. माझ्या हातात आज जे काही आहे ते त्या दुकानातलं आहे आणि हे मी कुणालाही सांगतो. फक्त सगळं सांगत नाही.

वस्ताद भोंगवलीला शेती बघतात. मी तिथं जायला सात-आठ महिने लावले. गेलो तेव्हा अंगणात बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं चाललं होतं. काकू, शेजारच्या दोन बायका आणि एका बाजूला पोत्यावर वस्ताद. कानातलं मशीन डबीत होतं, डबी कोनाड्यात. काकू म्हणाल्या, "घालत न्हाईत. म्हनत्यात, कानात भांडी पडल्यागत हुतंय." त्यांनी मला पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मीच बसलो, वस्तादांच्या समोर, आणि त्यांच्यासारखाच शेंगा फोडायला लागलो.

मी ठरवून आलो होतो. हळू आवाजात म्हणालो, "वस्ताद, माझं चुकलं."

त्यांनी वर बघितलं. "काय?"

"माझं चुकलं."

"काय म्हनतोस? मोठ्यानं बोल."

बायकांचे हात चालू होते. माफी ही हळू मागायची गोष्ट आहे, असं मला वाटायचं. दोघांपुरती. मी आवाज चढवला. "माझं चुकलं, वस्ताद!"

ते तसेच माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कानामागं हात नेला. "आँ?"

मग मी ओरडलो. पासलीला या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक घालतात तसा. तुमचे कान जात होते ते मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, माझ्या कानात कापूस घालून बसलो, माझं चुकलं. अंगणातले हात थांबले. बाहेर रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. शेजारच्या घरातून एक म्हातारी दारात आली. सगळ्या भोंगवलीला नाही, पण त्या आळीला नक्की ऐकू गेलं असेल. माझा घसा फाटला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

वस्तादांनी कानामागचा हात खाली घेतला.

"पयल्यांदाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "तोंडावरनं कळतं मला आता. तुला वरडायला लावायचं व्हतं."

आणि शेंगांची पाटी त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये ओढली. पुढचा तासभर आम्ही शेंगा फोडल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की शेवटची एसटी पाचला असते.